जिल्ह्याची वाढ मोजायची कशी? विकासाच्या अर्थशास्त्रातल्या पहिल्या शोधनिबंधासाठी मार्गदर्शक

पहिला शोधनिबंध हाती घेणाऱ्यांचे विषय बहुतेक ‘अमुक जिल्ह्याच्या आर्थिक विकासाचा चिकित्सक अभ्यास’ या साच्यातले असतात. नोंदणीच्या अर्जापुरते हे चालते, पण त्यात उत्तर शोधावे असा प्रश्नच नसतो. मग सिंचन, साक्षरता, बँकांच्या शाखा असे सापडतील ते तक्ते एकामागे एक लावले जातात आणि ‘विकास झाला, पण असमतोल आहे’ असा निष्कर्ष निघतो. तो तर कामाला बसण्याआधीच ठाऊक होता.

एम.ए.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.चे पहिले प्रकरण लिहायला बसणाऱ्यांसाठी इथे एकच प्रश्न घेतला आहे आणि तो शेवटपर्यंत कसा न्यायचा ते क्रमाने सांगितले आहे. प्रश्न असा: २०११-१२ नंतर महाराष्ट्रातले मागे असलेले जिल्हे पुढच्या जिल्ह्यांपेक्षा वेगाने वाढले का?

साधा लॅपटॉप आणि मोफत मिळणारे ‘आर’ हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर पुरते. ‘स्टाटा’ हे तसेच विकतचे सॉफ्टवेअर असेल तर तेही चालेल. पदवीपातळीचे संख्याशास्त्र आणि रिग्रेशनची तोंडओळख हवी. वेळ चार ते सहा महिने धरा. त्यातला निम्म्याहून अधिक काळ आकडे जमवण्यात, जुळवण्यात आणि समजून घेण्यात जातो. तो वेळ वाचवायला गेलेला निबंध पुढे तपासणीत पडतो.

पहिली पायरी: प्रश्न एका ओळीत बसवा

त्या ओळीत तीन गोष्टी हव्यात: एकक कोणते, म्हणजे जिल्हा, तालुका की कुटुंब, कालखंड कोणता, आणि तुलना कशाची कशाशी. वरच्या प्रश्नात तिन्ही आहेत. चौथी गोष्ट कागदावर स्वतःसाठी लिहून ठेवा: कोणता आकडा आला तर उत्तर ‘नाही’ असेल? हे आधी लिहिले नाही, तर कोणत्याही निकालाला मागाहून ‘होय’ म्हणता येते.

प्रश्नामागचा सिद्धांत रॉबर्ट सोलो यांच्या १९५६ च्या प्रारूपातून येतो. भांडवल कमी असते तिथे त्याच्या पुढच्या प्रत्येक भरीचा परतावा जास्त असतो. म्हणून इतर परिस्थिती सारखी असेल तर मागचा प्रदेश वेगाने वाढायला हवा. रॉबर्ट बॅरो यांनी १९९१ मध्ये आणि मॅनकिव, रोमर व वाइल यांनी १९९२ मध्ये देशादेशांच्या आकड्यांवर हे तपासले. दोन्ही निबंध मुळातून वाचा. सारांशावर भागवू नका, कारण ‘इतर परिस्थिती सारखी असेल तर’ या अटीचे काय करायचे हाच त्यांतला खरा विषय आहे.

महाराष्ट्रात याच काळजीला ‘अनुशेष’ हे नाव आहे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८४ मध्ये जिल्हावार अनुशेष काढला, १९९४ मध्ये घटनेच्या कलम ३७१(२) खाली वैधानिक विकास मंडळे आली, २०१३ मध्ये प्रादेशिक असमतोलावरचा विजय केळकर समितीचा अहवाल आला. प्रस्तावनेत हा इतिहास यायलाच हवा, पण एक भेद सांभाळून. दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्यसेवा अशा क्षेत्रांत जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे ते मोजले होते. ती सोयींची तूट होती, उत्पन्नाच्या वाढीचा वेग नव्हता. सिंचनाचा अनुशेष भरला म्हणून उत्पन्न त्या प्रमाणात वाढेलच असे नाही. हे दोन मुद्दे एकत्र झाले की निबंधाचा सांधाच निखळतो.

वाचनासाठी पंधरा-वीस निबंधांची यादी पुरते. त्यातले पाच शब्दन् शब्द वाचा, बाकीच्यांचे ‘डेटा’ प्रकरण आणि पहिला तक्ता पाहा. भारतावरच्या कामात अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांचा जमीनदारी व रयतवारी भागांच्या तुलनेचा २००५ चा निबंध वाचा. इंग्रजी अमदानीतली महसूलपद्धत स्वातंत्र्यानंतरच्या शेती-उत्पादनापर्यंत कशी पोचते हे त्यात आहे, आणि मुंबई इलाख्याचा बराचसा भाग रयतवारीचा असल्याने आपल्याशी त्याचा थेट संबंध येतो. संदर्भांची नोंद पहिल्या दिवसापासून ‘झोटेरो’ या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा.

दुसरी पायरी: आकडा कसा तयार झाला ते शोधा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे थांबून वाचा.

जिल्ह्याचे उत्पन्न राज्य सरकारचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढते. ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी विधिमंडळात मांडली जाते, तिच्या परिशिष्टांत जिल्हावार उत्पन्न आणि दरडोई उत्पन्न मिळते. तक्ता समोर आला की नवखा अभ्यासक तो लगेच उतरवून घेतो. त्याआधी तक्त्याखालच्या तळटिपा आणि पद्धतीची टिपणे वाचा. कोणी जिल्ह्याजिल्ह्यात फिरून हे उत्पन्न मोजलेले नसते. शेती किंवा खाणकाम अशा क्षेत्रांत जिल्ह्याच्या उत्पादनाचे आकडे वापरता येतात. असंघटित उद्योग, व्यापार, इतर सेवा अशा बऱ्याच क्षेत्रांत मात्र राज्याचा एकूण आकडा जिल्ह्यांमध्ये वाटला जातो, आणि वाटणीचा आधार असतो कामगारांची संख्या किंवा तसाच एखादा निर्देशक.

यातून तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली, वर्तुळाची. जिल्ह्यातल्या बिगरशेती कामगारांच्या प्रमाणावर उत्पन्न वाटले गेले असेल आणि तुम्ही ‘बिगरशेती कामगार जास्त तिथे उत्पन्न जास्त’ असे रिग्रेशन काढले, तर तुम्ही अर्थव्यवस्थेविषयी काहीच शोधलेले नाही. संचालनालयाचा गुणाकार तुम्ही उलटा करून दाखवला आहे. असा निकाल फार सुबक येतो, आणि तो इतका सुबक आला की संशय घ्यायलाच हवा. म्हणून उत्पन्नाचे स्पष्टीकरण देणारे प्रत्येक चल वाटणीच्या निर्देशकांत आहे का, हे आधी तपासा.

दुसरी, सारखेपणाची. वाटणीचा निर्देशक जुन्या जनगणनेचा असेल, तर त्या क्षेत्रात सगळे जिल्हे राज्याच्याच वेगाने वाढलेले दिसतात. जिल्ह्यांमधला खरा फरक त्यामुळे पुसला जातो. उपाय एकच: एकूण उत्पन्नाबरोबर फक्त थेट मोजलेल्या क्षेत्रांचे उत्पन्न घेऊन तोच हिशेब पुन्हा करायचा.

तिसरी, ‘कोणाचे उत्पन्न’ ही. जिल्ह्याचे उत्पन्न म्हणजे त्या हद्दीत झालेले उत्पादन. तिथे राहणाऱ्यांच्या हाती किती पडले, हे ते सांगत नाही. बदलापूर-विरारहून रोज मुंबईला येणाऱ्याची कमाई मुंबईच्या खात्यात पडते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे मूल्य चंद्रपुरात मोजले जाते, वीज आणि नफा दुसरीकडे जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांना मुंबईहून येणारा पैसा या तक्त्यात येतच नाही. म्हणून ‘चंद्रपूरकर श्रीमंत झाले’ असे वाक्य या आकड्यांवरून लिहिता येत नाही. ‘चंद्रपूर जिल्ह्यातले दरडोई उत्पादन वाढले’ एवढेच लिहिता येते.

भाजकाकडेही लक्ष द्या. २०११ नंतर जनगणना झालेली नसल्याने दरडोई आकड्यांतली लोकसंख्या अंदाजित आहे. ठाणे, पालघर, पुणे यांसारख्या स्थलांतराच्या जिल्ह्यांत हा अंदाज कमी धरला गेला असेल तर दरडोई उत्पन्न फुगलेले दिसेल. म्हणून एकूण उत्पन्नाची वाढ आणि दरडोई वाढ, दोन्ही शेजारी शेजारी दाखवा.

तिसरी पायरी: जिल्ह्यांची यादी जुळवा

१९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, १९९१ मध्ये ३०, २००१ आणि २०११ मध्ये ३५. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि संख्या ३६ झाली. जिल्हा फुटला की उरलेल्या जिल्ह्याचे उत्पन्न एका वर्षात कोसळलेले दिसते, आणि ज्याला हे माहीत नसते तो त्याची कारणे शोधत बसतो.

नियम साधा आहे: फुटलेले जिल्हे पुन्हा मूळ जिल्ह्यात मिसळा. २०११ नंतरच्या अभ्यासात पालघर आणि ठाणे एकत्र करा. १९९१ पासूनची मालिका हवी असेल तर नंदुरबार धुळ्यात, वाशिम अकोल्यात, हिंगोली परभणीत आणि गोंदिया भंडाऱ्यात मिळवा. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर काही तक्त्यांत एकत्र, काहींत वेगळे असतात, म्हणून ते सगळीकडे एकत्रच ठेवा. उत्पन्न आणि लोकसंख्या यांची आधी बेरीज करा, मग भागाकार. दोन दरडोई आकड्यांची सरळ सरासरी काढणे ही नेहमी दिसणारी चूक आहे.

नावांवर जुळणी करू नका. औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर आहे, उस्मानाबाद धाराशिव, अहमदनगर अहिल्यानगर. जुन्या फाइलींत जुनी नावे राहणारच. त्यात रायगड, बीड, गोंदिया, बुलढाणा यांची इंग्रजी स्पेलिंग जनगणनेत एक आणि राज्याच्या तक्त्यांत दुसरी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा राज्य-संकेतांक २७ आहे आणि जिल्ह्यांचे संकेतांक ४९७ ते ५३१. एक छोटी तक्ता-फाइल बनवा: संकेतांक, जुने नाव, नवे नाव, मूळ जिल्हा. प्रत्येक जुळणीनंतर ओळी मोजा. जुळणीआधी ३४ जिल्हे आणि १० वर्षे असतील तर नंतरही बरोबर ३४० ओळी हव्यात. ३३० आल्या तर एक जिल्हा गळाला. ३५० आल्या तर एक दोनदा आला.

चौथी पायरी: किंमती, पायाभूत वर्ष आणि वाढीचा दर

वाढ नेहमी स्थिर किंमतींवर मोजा. चालू किंमतींच्या तक्त्यात महागाईही मिसळलेली असते. पायाभूत वर्ष प्रत्येक तक्त्याच्या शीर्षकात दिलेले असते. २००४-०५ च्या आणि २०११-१२ च्या मालिका एकाच स्तंभात चिकटवल्या की सांध्याच्या वर्षी खोटी उडी दिसते. जोडायच्याच असतील तर दोन्हींत असलेल्या वर्षाचे गुणोत्तर वापरा. जुन्या मालिकेत २०११-१२ ला ८० आणि नव्यात १०० असेल, तर जुने सगळे आकडे १.२५ ने गुणा. हा फक्त पातळीचा सांधा आहे. जुन्या काळातली वाढ जुन्याच पद्धतीने मोजलेली राहते, आणि ते निबंधात लिहायला हवे. नवख्याने पहिल्या निबंधात एकाच मालिकेत राहावे असे आमचे स्पष्ट मत आहे.

दर काढताना लॉग घ्या. दरडोई उत्पन्न ८ वर्षांत १०० वरून १८० झाले, तर नैसर्गिक लॉगमधला फरक ०.५८८, भागिले ८, म्हणजे वर्षाला ७.३५ टक्के. चक्रवाढीने काढल्यास ७.६२ टक्के येतात. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकाच निबंधात दोन्ही मिसळू नका.

सुरुवातीचे आणि शेवटचे वर्ष कोणते निवडता यावर निकाल फिरू शकतो. २०१२-१३ चा मराठवाड्यातला दुष्काळ आठवा. आरंभ त्या वर्षापासून धरला तर जालना, बीड, धाराशिव नंतर झपाट्याने वाढलेले दिसतील, कारण सुरुवातच खड्ड्यातून झाली. शेवटचे वर्ष २०२०-२१ घेतले तर टाळेबंदीचा तडाखा उद्योग आणि सेवांच्या जिल्ह्यांना बसलेला दिसेल, शेतीच्या जिल्ह्यांना कमी, आणि दरी अचानक मिटल्यासारखी वाटेल. दोन्ही टोकांना तीन-तीन वर्षांची सरासरी घ्या, आणि दुष्काळी वर्ष वगळून हिशेब पुन्हा करून पाहा.

पाचवी पायरी: रिग्रेशन, पण आधी चित्र

आडव्या अक्षावर सुरुवातीच्या दरडोई उत्पन्नाचा लॉग, उभ्या अक्षावर वार्षिक वाढ, आणि प्रत्येक ठिपक्याला जिल्ह्याचे नाव. हे चित्र छापून समोर ठेवा. मुंबई, ठाणे, पुणे एका टोकाला, गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, हिंगोली दुसऱ्या टोकाला, मधे दाटी. एकट्या मुंबईचा ठिपका झाकला तर रेषेचा उतार बदलतो का? बदलत असेल तर तुमचा निष्कर्ष राज्याविषयी नसून एका शहराविषयी आहे. दोन्ही निकाल दाखवा.

आता रेषा बसवा: वार्षिक वाढ बरोबर स्थिरांक अधिक ब गुणिले आरंभीच्या उत्पन्नाचा लॉग. ब ऋण आला तर मागचे जिल्हे वेगाने वाढले. ब वरून दरी मिटण्याचा वेग काढता येतो. १० वर्षांच्या कालखंडात ब हा उणे ०.०१८ आला असे समजा. १० ने गुणून १ मध्ये मिळवा, ०.८२ येतात. त्याच्या लॉगचे चिन्ह बदलून १० ने भागा, सुमारे ०.०२. म्हणजे वर्षाला २ टक्के वेगाने दरी कमी होते आणि ती निम्मी व्हायला जवळपास ३५ वर्षे लागतात. अमेरिकेतल्या राज्यांवरच्या बॅरो आणि साला-इ-मार्टिन यांच्या कामातही साधारण हाच २ टक्क्यांचा वेग आला होता, त्यामुळे तुलनेला हा आकडा उपयोगी पडतो.

काय बिघडते?

आरंभीच्या उत्पन्नातली मोजणीची चूक सर्वांत फसवी. एखाद्या जिल्ह्याचा पहिला आकडा चुकून कमी मोजला गेला, तर तो ‘गरीब’ही दिसतो आणि पुढे ‘वेगाने वाढलेला’ही. काहीही मिटलेले नसताना ब ऋण येतो. तीन वर्षांची सरासरी इथेही उपयोगी पडते. शिवाय दुसऱ्या स्वतंत्र मोजमापावर तोच हिशेब करा.

दुसरे, ब ऋण म्हणजे विषमता घटली असे नाही. दरवर्षी जिल्ह्यांच्या लॉग उत्पन्नाचे प्रमाण विचलन काढा आणि त्याची रेषा आखा. ती खाली येत असेल तरच ‘जिल्ह्यांतले अंतर कमी झाले’ असे लिहा. दोन्ही कसोट्या वेगळ्या आहेत आणि दोन्ही द्यायच्या.

तिसरे, निरीक्षणे ३४ आहेत. त्यांत साक्षरता, सिंचन, रस्ते, बँका, शहरीकरण अशी आठ चले घातलीत तर आकडे काहीही सांगू लागतील. दोन, फार तर तीन चले. स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातल्या अनिश्चिततेचे माप, लहान नमुन्यासाठीच्या ‘एचसी३’ प्रकारचे घ्या. तक्त्यात सार्थकतेचे तारे मोजत बसण्यापेक्षा विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांत असावा ती कक्षा, द्या. ते रुंद येईल, आणि ते तसेच छापा, कारण ३४ जिल्ह्यांतून तेवढेच कळू शकते.

लोकसंख्येचा भार द्यायचा की नाही हा तांत्रिक तपशील नाही. भार न देता प्रत्येक जिल्हा एक धोरणाचा प्रदेश म्हणून मोजला जातो, भार देऊन प्रत्येक माणूस मोजला जातो. तुमचा प्रश्न कोणता ते पहिल्या पायरीत ठरले आहे.

सहावी पायरी: दुसऱ्या मोजमापाने पडताळा

सरकारी उत्पन्नाच्या आकड्याला पूर्ण स्वतंत्र असा साक्षीदार म्हणजे उपग्रहातून दिसणारा रात्रीचा प्रकाश. हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल यांनी २०१२ मध्ये दाखवले की देशांच्या पातळीवर प्रकाश १ टक्का वाढला तर उत्पन्नात सुमारे ०.३ टक्के वाढीचा अंदाज बांधता येतो. जुन्या ‘डीएमएसपी’ उपग्रहांची मालिका १९९२ ते २०१३ ची आहे. तिच्यात प्रकाश ० ते ६३ या मोजपट्टीवर असतो, त्यामुळे मुंबई-पुण्याचा गाभा ६३ वरच अडकतो आणि तिथली वाढ दिसत नाही. ‘व्हीआयआयआरएस’ या नव्या संवेदकाची मालिका २०१२ पासून आहे, ती जुनीला सरळ जोडू नका. २०११-१२ नंतरच्या प्रश्नाला नवीच पुरते. गाव आणि जिल्हा पातळीवर आधीच बेरीज केलेला प्रकाश ‘श्रग’ या मोफत संग्रहात मिळतो. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

प्रकाशातही खाचखळगे आहेत. पावसाळ्यात ढगांमुळे कोकणात निरीक्षणे फार कमी मिळतात, म्हणून जून ते सप्टेंबर वगळून वार्षिक सरासरी काढा. २०१७ नंतर घरोघरी वीजजोडण्या पोचल्या, त्यामुळे उत्पन्न न वाढताही गाव उजळले. उलट पिवळे सोडियमचे दिवे जाऊन एलईडी आले तिथे मोजलेला प्रकाश कमी होऊ शकतो, कारण या संवेदकाला निळसर उजेड नीट दिसत नाही.

आरोग्य-शिक्षणासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी आहे, तिचे काम मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असते. जिल्ह्याचे अंदाज २०१५-१६ पासूनच्या फेऱ्यांत मिळतात, त्याआधीच्या फेऱ्यांतून ते काढू नका.

कुटुंबाच्या खर्चाची किंवा रोजगाराची नमुना पाहणी वापरायची असेल तर मूळ नोंदी केंद्राच्या सूक्ष्म-डेटा संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत मिळतात. पहिले काम म्हणजे छापील आकडा जसाच्या तसा काढून दाखवणे. २०२२-२३ च्या उपभोग खर्च पाहणीत देशाचा दरडोई मासिक खर्च ग्रामीण ३,७७३ रुपये आणि शहरी ६,४५९ रुपये आहे. तुमच्या प्रोग्रॅममधून हेच आकडे येईपर्यंत पुढे जाऊ नका. ३,८६० आणि ६,५२१ आले तर तुम्ही मोफत मिळालेल्या वस्तूंचे मूल्य धरले आहे. आकडा भलताच आला तर बहुधा गुणक चुकला. प्रत्येक कुटुंब किती कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते हे गुणक सांगतो, आणि फाइलीत तो १०० पट करून दिलेला असतो. जुन्या फेऱ्यांत तर दोन उपनमुन्यांच्या हिशेबाने काही ओळींत १०० ने आणि काहींत २०० ने भागावे लागते. सोबतची माहिती-फाइल वाचल्याशिवाय हे कळत नाही.

२०११-१२ च्या फेरीशी तुलना करताना खबरदारी घ्या. २०२२-२३ ला प्रश्नावली तीन भागांत, तीन भेटींत भरली गेली आणि वस्तूंची यादीही बदलली, त्यामुळे खर्चातली वाढ अंशतः मोजण्याच्या पद्धतीतून आलेली असू शकते. शिवाय या पाहण्यांचा नमुना जिल्ह्यासाठी आखलेला नव्हता. रोजगार मोजणाऱ्या श्रमबल पाहणीत जिल्हा हा नमुन्याचा पायाभूत स्तर झाला तो जानेवारी २०२५ पासून. जुन्या फेऱ्यांत गडचिरोलीतल्या थोड्याशा कुटुंबांवरून जिल्ह्याचा दर काढणे चूक आहे. पाहणीत महाराष्ट्राचे सहा विभाग केलेले आहेत, त्या पातळीवर थांबा.

‘यामुळे हे झाले’ असे म्हणायचे असेल तर

इथपर्यंतचे काम वर्णनाचे आहे. अमुक योजनेमुळे वाढ झाली, हे त्यातून सिद्ध होत नाही. रस्ते बहुधा तिथेच आधी होतात जिथे राजकीय वजन किंवा वाढीची चाहूल असते, त्यामुळे रस्तेवाली आणि बिनरस्त्याची गावे मुळातच वेगळी असतात.

ही अडचण कशी सोडवतात याचा नमुना सॅम अॅशर आणि पॉल नोवोसाद यांच्या २०२० च्या निबंधात पाहा. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत १,००० आणि ५०० लोकसंख्येच्या मर्यादा होत्या. ४९० वस्तीचे गाव आणि ५१० वस्तीचे गाव एरवी सारखेच, पण दुसऱ्याला रस्ता मिळण्याची शक्यता जास्त. सगळ्या राज्यांनी मर्यादा पाळली नव्हती, म्हणून जिथे ती पाळली गेली तीच राज्ये त्यांनी घेतली. निकाल विचार करायला लावणारा आहे: रस्त्यामुळे लोक शेतीबाहेरच्या कामाकडे वळले, पण शेती, मालमत्ता किंवा उत्पन्न यांत मोठा बदल दिसला नाही. असा नियम तुमच्या विषयात सापडला तर कारणाचा दावा करा. नाही सापडला तर ‘सोबत दिसते’ हेच क्रियापद वापरा. तेही प्रतिष्ठेचे काम आहे.

योजना वेगवेगळ्या जिल्ह्यांत वेगवेगळ्या वर्षी आली असेल, तर जिल्हा आणि वर्ष यांचे स्थिर परिणाम (फिक्स्ड इफेक्ट्स) घालून केलेले साधे रिग्रेशन चुकीचा आकडा देऊ शकते, कारण आधी योजना मिळालेले जिल्हे नंतरच्यांसाठी तुलनेचा गट बनतात. ही चूक टाळणारी कॅलवे आणि सांतआना यांची २०२१ ची पद्धत ‘आर’ आणि ‘स्टाटा’ दोन्हींत आहे. स्टँडर्ड एरर जिल्ह्यानुसार गटवा (क्लस्टर करा). गट ३४ च असल्याने वाइल्ड बूटस्ट्रॅप या, थोड्या गटांसाठीच्या पुनर्नमुना पद्धतीची पी-व्हॅल्यूही द्या.

फाइलींची शिस्त

मूळ फाइलींचा एक फोल्डर करा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. प्रत्येक फाइल कुठून, कोणत्या तारखेला उतरवली याची नोंद शेजारी ठेवा, कारण सरकारी आकडे सुधारले जातात आणि यंदाच्या पाहणीत गेल्या वर्षीचा आकडा बदललेला असू शकतो. कच्च्यापासून तक्त्यापर्यंतचा प्रत्येक बदल प्रोग्रॅममध्ये लिहा, हाताने एकही पेशी बदलू नका.

एक्सेल ‘२०११-१२’ ला डिसेंबर २०११ अशी तारीख समजते. फाइल उघडण्याआधी तो स्तंभ मजकूर म्हणून नोंदवा. आपल्या पद्धतीचे लाख-कोटींचे स्वल्पविराम असलेले आकडे काही प्रोग्रॅम मजकूर म्हणून वाचतात आणि बेरजेत ते गळतात. जुन्या मराठी पीडीएफ युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये असतील तर कॉपी केल्यावर अक्षरांचा चुथडा होतो. तेव्हा इंग्रजी आवृत्तीतून आकडे घ्या आणि नावे संकेतांकाने जोडा. पीडीएफमधून काढलेल्या प्रत्येक तक्त्याची स्तंभनिहाय बेरीज छापील राज्य-बेरजेशी ताडून पाहा.

लिहिणे आणि पाठवणे

सहा ते आठ हजार शब्द पुरेत. पहिल्या दोन पानांत प्रश्न, उत्तर आणि त्या उत्तराचा आकार सांगून टाका. ‘मागचे जिल्हे वर्षाला अमुक टक्के वेगाने जवळ आले, मुंबई वगळल्यास तमुक’ अशा वाक्याने वाचकाला लगेच कळते. डेटाच्या प्रकरणाला तीन-चार पाने द्या आणि दुसऱ्या पायरीतले सगळे दोष तिथे स्वतःच मांडा. सोलोंच्या प्रारूपाची सगळी बीजगणिते पुन्हा उतरवू नका.

मराठीत लिहायचे असेल तर मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ आहे. इंग्रजीत, मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये राज्य आणि जिल्हा पातळीवरच्या कामाला जागा असते. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून नियतकालिकाची पारख तुम्हालाच करावी लागते. आठवड्याभरात स्वीकृती, आधी शुल्काची मागणी, संपादक मंडळात या विषयात काम केलेले कोणी नाही, आणि वाणिज्यापासून वनस्पतिशास्त्रापर्यंत सगळे एकाच अंकात: यातले एक जरी दिसले तर तिथे पाठवू नका. त्या छपाईने तुमचे चांगले काम कायमचे गाडले जाते. विद्यापीठाच्या साम्य-तपासणीत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते. पद्धतीचे वर्णन दुसऱ्या निबंधातून उचलले तर तो आकडा सहज ओलांडला जातो, म्हणून ते आपल्या शब्दांत लिहा.

पाठवण्याआधी कच्चा डेटा, प्रोग्रॅम आणि दोन परिच्छेदांची सूचना-फाइल एका झिपमध्ये बांधा आणि या विषयाशी संबंध नसलेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला द्या. त्यांनी आपल्या संगणकावर ती एकदा चालवून निबंधातला पहिला तक्ता काढून दाखवावा. बहुतेक वेळा फोल्डरच्या पत्त्यापाशी किंवा एखाद्या न दिलेल्या फाइलीपाशी काम अडते. ते दुरुस्त करा, तक्ता दशांशापर्यंत जुळला की झिप आणि निबंध एकाच वेळी पाठवा.